झोपलाय, उठवू नकोस

हमरापूर, ता. पेण
१९ जुलै १९९४

आत्या,

तुझा मासा मेला.

थांब, पत्र टाकू नकोस. सकाळी सात वाजता मेला होता, साडेसातला उठला. मधल्या अर्ध्या तासात माझं काय झालं ते सांगायला लिहितोय. आधी लांबूनच पाया पडतो, नाहीतर म्हणशील रोह्याहून गेला आणि पोराची रीत सुटली.

चूळ भरायला उठलो आणि काचेच्या भरणीकडे बघितलं, तर सरदार तळाला आडवा. आडवा म्हणजे चक्क कुशीवर, एखादा माणूस जेवून पडतो तसा. तू दिलास तेव्हा शाईसारखा निळा होता ना? तो राखेच्या रंगाचा झालेला. डोळे सताड उघडे. टिचकी मारली, काही नाही. आत्या, चूळ भरायचंच विसरलो. डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर होतो तेव्हा डोक्यावरून लोखंड जायचं तरी कधी असं झालं नव्हतं. (ते काम सोडलं. मग पेणला पोह्याच्या गिरणीत लागलो. तेही सोडलं, भुशाने शिंका थांबेनात. त्या गिरणीतला मुकादम बाकी ढोलकी काय वाजवायचा! पण ते नंतर.)

तर आता मी हैबतशेठच्या गणपतीच्या कारखान्यात आहे. मूर्ती पॉलिश पेपरने घासायच्या, फळ्या उचलून इकडच्या तिकडे करायच्या. राहायला तिथेच. ठमाबाई म्हणून एक आहे, माती मळते, शेगड्या बघते, आम्हाला भाकऱ्या थापते. तिला हाक मारली. ती म्हणते, "मेला तं मेला. दे गटारात वतून." मी म्हटलं, "गटारात? सरदार हाय तो!" म्हटलं निदान पेपरात गुंडाळून झाडाखाली पुरू. भरणी तिरकी केली, पाणी ओतायला लागलो, आणि हा पठ्ठ्या सळकन उसळून वर! तोंड बाहेर काढून हवेचा एक घोट घेतला आणि माझ्याकडे असा बघायला लागला की मीच त्याच्या घरात शिरलोय. ठमाबाई ओरडली, "गो माय! मेलेला उठला!" आणि मातीच्या गोळ्यावर बसली. शेठ आतून म्हणाले, "जनू, मासे मागनं उठव, आधी त्या फळ्या उठव."

एकच माणूस हसला नाही. पुंडलिककाका. साठीचे आहेत, डोळ्यांची आखणी त्यांची. सगळं रंगकाम झालं की शेवटी मूर्तीचे डोळे, आणि ते फक्त काकांनी. आखणीला बसले की दाराच्या कडीला लाल फडकं बांधतात. मग आत कोणी जायचं नाही, हाक मारायची नाही. शेठसुद्धा नाही. काका भरणीजवळ उकिडवे बसले, खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला पापण्याच नायत रं. उघड्या डोल्यांनी झोपतो. माज्या गनपतीवानी."

आत्या, हा झोपतो असा का आजारी आहे? लवकर लिही. मी दर पाच मिनिटांनी टिचकी मारतोय.

तुझा जनू

*

रोहा
२४ जुलै १९९४

चि. जनू,

पत्राची पहिली ओळ वाचली आणि शिवणाची सुई माझ्या बोटात गेली. पुन्हा असं लिहिलंस तर रोह्यात पाय ठेवू नकोस.

सरदार मेला नाही, आजारीही नाही. झोपला होता. फायटर माशाची तऱ्हाच तशी. कधी कुशीवर पडतो, कधी पानावर पाठ टेकतो, कधी कोपऱ्यात शेपूट दुमडून उभ्याउभ्या डुलकी काढतो. झोपेत रंग उतरतो, जाग आली की परत येतो. माझ्या खिडकीत पाच भरण्या आहेत. पहिल्या वर्षी मीही रोज एकेकाला मेला म्हणत होते. तुझ्या काकांनी बरोबर ओळखलं, पापण्या नाहीत. म्हणून बघणाऱ्याला कळत नाही जागा आहे का झोपलाय.

आता नीट वाच. टिचक्या बंद. झोपलाय, उठवू नकोस. हवं तर सकाळी त्याच्या भरणीत बदामाचं वाळलं पान टाक, त्यावर पडून राहील. फक्त एक बघत जा. अधूनमधून वर येतो का? या माशाला पाण्यातली हवा पुरत नाही, वर येऊन आपल्यासारखी वरची हवा घ्यावी लागते. वर येतोय, दाण्याला धावतोय, तोवर काळजी नाही. आणि पावसाने पाणी गार पडलं असेल. गार पाण्यात तो सुस्तावतो. कुठेतरी उबेला ठेव.

कंपनी सोडलीस, गिरणी सोडलीस. तुझ्या आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. चतुर्थीपर्यंत तरी त्या शेठकडे टिक.

आत्या

*

हमरापूर
८ ऑगस्ट १९९४

आत्या,

तुझं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. लगेच लिहिणार होतो, पण मध्ये एकदा गागोद्याला जाऊन आलो. काम काही नव्हतं. शेठचा टेम्पो तिकडे माती आणायला चालला होता, मी मागे चढलो. परत येताना टेम्पो चिखलात रुतला, तर एका म्हातारीने आम्हाला वालाची उसळ घातली. वाल असे, की काय सांगू.

तू म्हणालीस तसं केलं. उबेला ठेवायचं म्हणालीस ना? इथे सुकवणीची खोली आहे. पाऊस लागला की मूर्ती वाळत नाहीत, म्हणून तिथे कोळशाच्या शेगड्या ठेवतात. खिडकीला, कौलाला, दाराच्या फटींना सगळीकडे प्लॅस्टिक ठोकलेलं. बाहेर मुसळधार आणि आत कोरडं ठणठणीत. काका आखणीला आता तिथेच बसतात, ओल असली की रेघ फुटते म्हणून. त्यांच्या बाजूच्या फळीवर सरदारची भरणी ठेवली. काकांना सोबत झाली. ते म्हणतात, "ह्यो बरा. बोलत नाय, चालत नाय, आनि डोला मिटत नाय."

बदामाचं पानही टाकलं. सरदार दिवसभर पानाखाली तळाला पडून असतो. रंग तोच राखेचा. दाणे टाकले तर तसेच तरंगतात. आधी मला भीती वाटली, पण तुझं पत्र काढून वाचलं. झोपलाय, उठवू नकोस. मग नाही उठवत. टिचकी तर एकही नाही, शप्पथ.

खोलीतून बाहेर येतो तेव्हा माझंही डोकं जरा जड असतं. उकाड्याने असेल. दोन बालद्या पावसाचं पाणी डोक्यावर घेतलं की उतरतं.

काकांना बाकी सरदारची सवय लागलीय. आखता आखता बसल्या जागी झोपतात. परवा शेठनी लाल फडकं सोडलं तेव्हा काका भिंतीला टेकून गाढ. शेठ भडकले. "पुंडलिक, सकालपास्न लावून बसला काय?" काका प्यायलेले नव्हते, आत्या. ते घेतात, पण सणाला. मला वाटतं वय झालं. मी शेठना म्हटलं, "झोपू द्या जरा. आमची आत्या सांगते, झोपलेल्याला उठवू नये." सगळे हसले. शेठपण हसले.

मला नारळी पौर्णिमेला घरी जायचंय. खाडीला नारळ द्यायला आमच्या घरातलं कोणीतरी लागतं.

जनू

*

रोहा
११ ऑगस्ट १९९४

चि. जनू,

थोडक्यात लिहिते. पाटावर पाय वर करून बसलेय. पायरीवरून घसरले, घोटा मोडलाय, प्लॅस्टर घातलंय. बोभाटा करू नकोस.

सरदारचं मला बरं वाटत नाही. झोपणं वेगळं आणि दिवसभर पडून राहणं वेगळं. झोपलेला मासा दाण्याचा वास आला की उठतो. तू लिहिलंस सगळं, पण मी सांगितलं होतं तेच बघितलं नाहीस. वर येतो का तो?

दोन गोष्टी कर. तिसरा हिस्सा पाणी बदल, नळाचं असेल तर रात्रभर शिळं करून. आणि भरणी त्या खोलीतून बाहेर आण. तिथे रंगाचा वास, धूर, काय काय असेल. त्याचं तोंड पाण्याच्या वर येऊन हवा घेतं, त्यात घाण असेल तर ती थेट आत जाते. ओट्यावर ठेव, आडोशाला. मग काय होतं ते मला कळव. लगेच. गागोद्याला जाऊ नकोस.

आत्या

*

हमरापूर
१६ ऑगस्ट १९९४

आत्या!

तू डॉक्टर व्हायला पाहिजे होतीस! (तुझ्या पायाला पण पीओपी, आमच्या काही मूर्तींसारखं? शेठना सांगू का रंगवून द्यायला? अंगाला लावतो तो बॉडी कलर आणि वर सोनेरी तोडा!)

ऐक. पत्र मिळालं त्याच दुपारी भरणी ओट्यावर आणली. आधी बराच वेळ पडून होता. मी समोर बसलो. ठमाबाई म्हणाली, "अंडी उबवतो का काय रं?" एक तास झाला असेल नसेल, कल्ले हलले. मग हळूहळू तिरका तिरका वर आला आणि घोट घेतला. परत घेतला. परत. तहान लागल्यासारखा. संध्याकाळपर्यंत निळा! मी आरसा धरला तर गाल फुगवून असा अंगावर आला की ठमाबाई मागे सरकली.

मग मला खोड सुचली. परत सुकवणीच्या खोलीत ठेवला. अर्ध्या दिवसात आडवा, राखेचा. परत ओट्यावर, परत उभा! असं तीनदा केलं. आता कारखान्यात तो खेळच झालाय. शेजारच्या कारखान्यातली माणसंही बघायला येतात. मी सांगतो, "बघा, आत नेला की मरतो, बाहेर आणला की जगतो!" तुझं नाव पण सांगतो. काकांनीपण बघितला खेळ. खोलीच्या दारात उभे होते, चौकट धरून. म्हणाले, "जनू, मला पन ने रं तसाच भायेर." मी म्हटलं, "काका, तुमच्या मापाची भरणी कुठनं आणू?" सगळे पोट धरून हसले.

तू मला ओरडू नकोस, आता मी सरदारला आत नेत नाही. ओट्यावरच आहे, गोणपाटाच्या आडोशाला. एकदम ठणठणीत.

काकांचं मात्र काही खरं नाही. काल ओकले. डोकं फुटतंय म्हणतात, आणि मला "शिवा" म्हणून हाक मारली. शिवा त्यांचा मुलगा, पनवेलला असतो. शेठ म्हणतात आता अर्धी माणसं दारूने जातात. पण चाळीस मूर्तींची आखणी बाकी आहे आणि गणपती तोंडावर, म्हणून शेठनी त्यांना सांगितलं, पौर्णिमेपर्यंत संपवा, मग घरी बसा, पुढच्या साली दुसरा बघू. काकांनी ब्रश उचलला. फडकं बांधून आत गेले. पाऊस वाढलाय म्हणून ठमाबाईने एक शेगडी वाढवलीय.

वीस तारखेला सकाळी मी घरी निघतो. येताना तुला नारळाच्या वड्या.

तुझा जनू

*

रोहा
१९ ऑगस्ट १९९४, दुपार

जनू,

मासा बाहेर काढलास. आणि माणूस?

हे वाचशील तिथून उठ. पळत जा. लाल फडकं बघू नकोस. दार उघड, प्लॅस्टिक फाड, पुंडलिककाकांना उचलून ओट्यावर आण. शेगड्या नंतर. आधी माणूस. मग पुढचं वाच.

हैबतशेठचा नंबर शोधून बूथवरून चार वेळा फोन लावला, पावसाने लाइन पडलीय. माझा पाय असा आहे. पेणच्या एसटीचा कंडक्टर ओळखीचा आहे, तो हे हमरापूरच्या फाट्यावर टपरीत देईल. देव करो आणि तू तिथे असशील.

तूच लिहिलंस सगळं आणि तूच वाचलं नाहीस. मीही वाचलं नाही. आठ तारखेच्या पत्रात तू लिहिलंस की काका बसल्या जागी झोपतात, तुझं डोकं जड होतं. मी ते वाचलं आणि माशाचं उत्तर दिलं. माझ्यासारखीने हे करावं?

तुला कोणी सांगितलं नसेल. तुझ्या आईलाही अर्धंच माहीत आहे. लग्नानंतर दोन वर्षांनी मला मुलगी झाली होती. श्रावणातली. असाच पाऊस. बाळंतिणीची खोली म्हणून दाराला गोणपाट, खिडकीला गोणपाट, वारा नको. बाजेखाली शेगडी, मायलेकींना शेक. माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं, उलट्या होत होत्या, सगळ्या म्हणायच्या बाळंतपणाचा अशक्तपणा. अकराव्या दिवशी मी पोरीला घ्यायला हात पुढे केला, तर सुईण म्हणाली, "गुणाची पोर. कशी गाढ झोपलीय. उठवू नकोस तिला."

मी उठवलं नाही.

नंतर मलाही ओढून बाहेर काढावं लागलं. मी जागी झाले, ती झाली नाही. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. कोणी म्हणालं दृष्ट, कोणी म्हणालं तिचं तेवढंच. पंधरा वर्षांनी इथल्या एका डॉक्टरांच्या बायकोचे ब्लाउज शिवत होते, बोलता बोलता सांगितलं. डॉक्टर पेपर वाचत होते. त्यांनी विचारलं, "शेगडी होती का?" मी हो म्हटलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि ते उठून आत गेले. कोंडलेल्या खोलीतला कोळसा काय करतो ते मी नंतर दुसऱ्या कोणाला तरी विचारून घेतलं. त्याच्या वायूला वास नसतो. माणसाला झोप लागते, एवढंच.

तू विचारायचास ना, आत्या, तुला माशांचं हे वेड कुठून लागलं. ते वर येतात, जनू. शिवताना मान वर केली की पाचातला कोणीतरी वर येऊन घोट घेत असतो. मला तेवढं बघायचं असतं.

आणि मी तुला लिहिलं, झोपलाय, उठवू नकोस. त्या बाईचे शब्द, जसेच्या तसे. माझ्या हाताने. आणि उबेला ठेव असंही मीच लिहिलं.

पुढे काही नाही. पळ.

आत्या

*

पेण, दवाखान्याच्या बाकावरून
२१ ऑगस्ट १९९४

आत्या,

काका जिवंत आहेत. अजून डोळे उघडलेले नाहीत. म्हणजे उघडे आहेत, पण बघत नाहीत. मला लिहिता येत नाहीये, अक्षर बघ कसं उड्या मारतंय.

पत्र मला काल सकाळी फाट्यावरच मिळालं. टपरीवाला म्हणाला, रोह्याचं काहीतरी हाय तुजं. मला वाटलं तू खेळाबद्दल ओरडली असशील. खिशात घातलं. एसटी आली, चढलो, खिडकी मिळाली. पाकीट फोडलं ते खिडकीतून बघता बघता, गंमत म्हणून. पहिली ओळ वाचली. आत्या, ती ओळ मला आधी कळलीच नाही. परत वाचली आणि मग काकांचे शब्द आठवले. "मला पन ने रं तसाच भायेर." मी हसलो होतो. सगळ्यांना हसवलं होतं. तीन वेळा मासा आत-बाहेर केला, आणि तिन्ही वेळा त्या माणसाच्या नाकासमोरून केला!

मी ओरडलो, बस थांबवा. कंडक्टर म्हणाला पुढच्या थांब्याला. मी दाराशी गेलो, ड्रायव्हरने ब्रेक मारला, उतरलो आणि पळत सुटलो. चप्पल कुठे गेली माहीत नाही. पिशवीतला नारळ पण.

कारखान्यात पोचलो तर सगळे रंगाच्या शेडमध्ये, ट्रान्झिस्टर लावलेला. सुकवणीच्या दाराला लाल फडकं. ओट्यावर सरदार निळाशार, मला बघून गाल फुगवले त्याने. मी फडक्याला हात घातला, ठमाबाई आडवी आली. "आत जाऊ नको! आखनी चालू हाय!" मी म्हटलं, "सोड गो!" आणि तिला ढकललं. पहिल्यांदा कोणा बाईला ढकललं मी.

आत काका भिंतीला टेकून बसलेले. हातात ब्रश, डोळे अर्धे उघडे. मला वाटलं जागे आहेत, हुश्श झालं. मी म्हटलं, "काका, चला." बघतच राहिले. मग मला कळलं ते बघत नाहीयेत. समोरच्या गणपतीचा एक डोळा झालेला, असा सुंदर की मला वाटलं त्यानेच मला बघितलं. आणि दुसऱ्या डोळ्याची रेघ सुरू होऊन गालावरून, सोंडेवरून खाली पाटापर्यंत गेलेली. तिथे ब्रश थांबलेला.

मला काही सुचेना. तू लिहिलं होतंस आधी माणूस, म्हणून काखेत हात घालून ओढले. जड होते. माझंही डोकं गरगरलं, दारात पडलो, तेव्हा ठमाबाईनेच दोघांना ओढलं. शेठ आले. "माज्या मूर्ती वल्या होतील! प्ल्यास्टिक कोनी फाडला?" असं म्हणत आले आणि काकांचं तोंड बघून तिथेच खाली बसले. टेम्पोत तयार मूर्ती भरलेल्या होत्या, शेठनी स्वतःच्या हाताने चिखलात उतरवल्या आणि काकांना मागे घातलं.

इथल्या डॉक्टरने पहिलं काय विचारलं सांगू? "शेगडी होती का?"

मी म्हटलं, व्हय.

लगेच त्यांनी ऑक्सिजनची नळी लावली. शिवाला निरोप गेलाय. ठमाबाई बाहेर भिंतीकडे तोंड करून बसलीय, म्हणते तिसरी शेगडी मी ठेवली. मी तिला काय सांगू? तिला कोणी सांगितलं होतं का कधी? मला तर माशाने तीनदा सांगितलं होतं.

आत्या, मी इथून हललेलो नाही. तुला वाटेल पळालो असेन.

जनू

*

रोहा
२३ ऑगस्ट १९९४

जनू,

छाती वर-खाली होते का ते बघत राहा. दुसरं काही करू नकोस. रोज एक कार्ड टाक, एक ओळ पुरे.

ठमाबाईला जवळ बसव. तिला जेवायला घाल. माझ्या सुईणीला कोणी घातलं नव्हतं. ती त्यानंतर आमच्या आळीत कधी दिसली नाही.

आत्या

*

हमरापूर
२९ ऑगस्ट १९९४

आत्या,

कार्डं मिळाली असतील. "आहेत", "आहेत", "पाणी प्यायले" अशी. आज मोठं लिहितो.

चौथ्या दिवशी काकांनी मला बघितलं. खरं बघितलं, मला कळलं. पहिलं काय म्हणाले? "कुठला डोला ऱ्हायला रं?" मी म्हटलं, डावा. म्हणाले, "मंग व्हय. डावा नंतरच करतो मी." आणि झोपले. मी नर्सला दोनदा बोलावलं, ती वैतागली. म्हणाली, "अरे बाबा, ही झोपच आहे!"

परवा त्यांना इथे आणलं. शिवा पनवेलला न्यायला बघत होता, काका ऐकेनात. हात थरथरतो. पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी धरतात. डॉक्टर म्हणाले सुधारेल, किती ते सांगता येणार नाही. ब्रशचं नाव अजून कोणी काढलेलं नाही. शेठनी पेणहून दुसरा आखणीवाला आणलाय, बरा आहे, पण त्याचे सगळे गणपती जरा रागावलेले दिसतात.

सुकवणीच्या खोलीची मागची भिंत शेठनी फोडली. आरपार. आता आत पावसाचे शिंतोडे येतात आणि मूर्ती वाळायला तीन दिवस लागतात. गिऱ्हाइकं ओरडतात, शेठ ऐकून घेतात. शेगड्या बाहेर, वळचणीला. आखणी उघड्यावर. लाल फडकं ठमाबाईने चुलीत घातलं. ती अजून काकांच्या नजरेला नजर देत नव्हती. काल काकांनी तिला हाक मारली, "ठमे, भाकरी जाड थापतेस हल्ली." मग ती जी रडायला लागली ती दुपारपर्यंत. आणि भाकरी अजूनही जाडच.

तो एका डोळ्याचा गणपती फळीवर तसाच आहे. नवा आखणीवाला रेघ पुसून दुसरा डोळा करून देतो म्हणाला. काका म्हणाले, "हात लावायचा नाय." शेठ म्हणाले, "मंग इकू कसा?" काका म्हणाले, "नको इकू." विषय संपला.

मी पनवेलला जाणार होतो, ट्रकवर क्लीनरचं काम आहे म्हणे, पार गुजरातपर्यंत जायचं. तो ट्रक परवा गेला. मी ओट्यावरून बघितला. हॉर्न चांगला होता त्याचा.

आत्या, तू जे मला लिहिलंस ते मी कोणाला दाखवलेलं नाही. आईलाही सांगणार नाही. पण डॉक्टरांना मी म्हटलं की माझी एक आतेबहीण याच्यातच गेली. बहीण म्हणालो मी. बरोबर ना?

आज दुपारी जेवून काका ओट्यावर आडवे झाले, कुशीवर, हात उशाला. बाजूला भरणीत सरदारपण बदामाच्या पानावर आडवा, राखेचा झालेला. दोघांचं तोंड एकाच बाजूला. सरदारला मी उठवलं नाही. बसून बघत राहिलो, थोड्या वेळाने आपणहून वर आला, घोट घेतला, परत जाऊन पडला.

काकांना चार वेळा उठवलं. पहिल्या वेळी म्हणाले, "काय रं?" दुसऱ्या वेळी म्हणाले, "हाय, हाय, जिता हाय." तिसऱ्या वेळी नुसता हात हलवला. चौथ्या वेळी उठून बसले आणि माझ्या सात पिढ्यांना अशी सणसणीत शिवी हासडली, की शेडमधला ट्रान्झिस्टर बंद झाला.

आत्या, इतकं गोड मी आजवर काही ऐकलं नव्हतं.

तुझा जनू